मोडक्या कुरडया

आमच्या घरात कुरडयांचे दोन डबे होते. एक पितळी, घट्ट झाकणाचा, माळवदाच्या खोलीत उंच फळीवर. त्यात अख्ख्या कुरडया. सणाच्या, पाहुण्यांच्या, जावयाच्या. दुसरा पत्र्याचा, चुलीशेजारी. त्यात तुटलेले वेढे, चुरा, बाजेवरून उचलताना निसटलेले तुकडे. तो आमचा.

कळंब तालुक्यातलं आमचं गाव. खुरपणीच्या दिवसांत आई दिवेलागणीला रानातून यायची. पाय धुवायची आणि पदर खोचता खोचताच पत्र्याच्या डब्यात हात घालायची. चार मुठी चुरा पातेल्यात, वर कोमट पाणी, झाकण. तोवर चूल पेटायची, कांदा चिरून व्हायचा. कढईत चमचाभर तेल, जिरं, ठेचलेला लसूण, कांदा, मग काळं तिखट. फुगलेल्या कुरडया चाळणीत निथळून त्यात पडायच्या. फार ढवळायचं नाही, लगदा होतो. मीठ हात राखून, कारण चिकात ते आधीच असतं. शेवटी शेंगदाण्याचा कूट आणि दोन मिनिटं झाकण. सकाळची भाकरी असायचीच. भाजी फक्त आठवडी बाजाराला मिळणाऱ्या गावात, ती दोन-तीन दिवसांत संपल्यावर, घरात कांदा आणि हा डबा एवढंच उरायचं. तेवढ्यात सहा माणसं पोटभर जेवायची.

ते इतक्या लवकर व्हायचं, की कुरडईची भाजी हे सोपं काम आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. खरं तर त्यामागचे चार दिवस मी दर उन्हाळ्यात पाहत होते; फक्त त्यांचा त्या कढईशी संबंध जोडत नव्हते.

येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा झाली की आमच्याकडं वाळवणं सुरू व्हायची. गहू तीन दिवस पाण्यात, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी दाणा दाबला की पांढरा चीक बाहेर यायचा. मग वाटायचं, कालवायचं, पिळायचं, फडक्यातून गाळायचं. रात्रभर चीक खाली बसायचा, वरचं निवळ पाणी ओतून द्यायचं. पहाटे चारला आधण ठेवून आई चीक हाटायला बसायची. एका हातानं धार, दुसऱ्या हातात लाकडी दांडा. क्षणभर हात थांबला तर गाठी. काकू, शेजारच्या मावशी, सगळ्या आळीपाळीनं एकमेकींकडं यायच्या. आज आमच्या अंगणात, उद्या त्यांच्या. गरम चीक सोऱ्यात भरून बाजेवरच्या धुतलेल्या लुगड्यावर वेढे घालायचे. सोऱ्या फिरवताना माझे तळहात लाल व्हायचे. ‘वाफ हाय तवर फिरव, निवला की तुटतंय,’ आई म्हणायची. आम्हा लेकरांना वाटीभर चीक मिळायचा, दूध-साखर घालून. आणि मग आमच्या जिल्ह्याचं ते ऊन, ज्याच्या नावानं बाकी सगळे बोटं मोडतात, आमच्या कामाला यायचं. दोन दिवसांत कुरडया खडखडीत.

शिकायला पुण्याला गेले, तेव्हा वसतिगृहात रात्री नूडल्सच असायच्या. मॅगी भारतात आली १९८३ साली. माझ्या मैत्रिणींचं बालपण तिच्यावर गेलं होतं, माझं नाही. पाकिटातली ती वाळकी चकती पाहून मला मात्र लगेच आमचा पत्र्याचा डबा आठवला. पुढं वाचलं, की जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी १९५८ साली झटपट नूडल्स बाजारात आणल्या. शिजवलेल्या नूडल्स तेलात तळून त्यांतलं पाणी घालवायचं ही त्यांची युक्ती. तळताना बारीक छिद्रं पडतात आणि त्यांतून गरम पाणी पुन्हा चटकन आत शिरतं. कुरडईतही तेच आहे. कोंडा गाळून गेला की उरतं ते मुख्यतः गव्हाचं पिष्ट. आधणात ते पाणी पिऊन फुगतं, शिजतं, मग उन्हात वाळतं. एकदा शिजलेलं असल्यामुळं दुसऱ्यांदा त्याला फक्त पाणी आणि थोडी आच लागते. त्यांनी तेलानं साधलं, आमच्या बायकांनी उन्हानं.

हे समजलं तेव्हा आईच्या त्या पंधरा मिनिटांचा हिशेब मला लागला. संध्याकाळ झटपट व्हायची, कारण चैत्रात तिनं चार दिवस आधीच घालून ठेवलेले असायचे. वर्षभरातल्या दमलेल्या संध्याकाळी कधी ना कधी येणार हे तिला ठाऊक होतं. त्यांची सोय ती उन्हाळ्यातच लावायची.

आता मी धाराशिवला राहते. शाळेच्या दाखल्यावर अजून उस्मानाबादच आहे. नोकरी तुळजापूरला, रोज एसटीनं ये-जा. उतरल्यावर स्टँडबाहेरच्या गाड्यांवर मोठ्या आचेवर कढया खणखणत असतात, सोया सॉस आणि कोबीचा वास रस्ताभर असतो. लेकीला ते आवडतं, मलाही. पण आठवड्यातल्या दोन-तीन रात्री मी पत्र्याचा डबाच उघडते. कधी कांद्याबरोबर गाजर, कोबी, शिमला मिरची उभी चिरून घालते. काळ्या तिखटाशी त्यांचं चांगलं जमतं. आई आता दांडा धरू शकत नाही. मी दर चैत्रात दोन दिवसांची रजा काढून गावी जाते, चीक हाटते, आई शेजारी बसून पाणी किती घालायचं ते सांगते.

गेल्या पौषात ती आमच्याकडं होती. एसटी वाटेत बंद पडली आणि घरी पोचायला मला नऊ वाजले. पत्र्याचा डबा आदल्याच आठवड्यात संपला होता. काय करावं याचा विचार करत आत आले, तर ओट्यावर पितळी डबा उघडा आणि पातेल्यात अख्ख्या कुरडया भिजलेल्या.

‘आई, त्या पाहुण्यांच्या हायत ना?’

‘पाहुण्यायला लई घातल्या,’ ती म्हणाली. ‘तू दमून आलीस. बस.’

तिनं त्या मोडल्याही नव्हत्या. कांदा तिनंच चिरला, फोडणी तिनंच दिली. माझ्या ताटात त्या रात्री पहिल्यांदा लांबच लांब वेढे आले. मी ते भाकरीनं न तोडता, एकेक उचलून खाल्ले.