वाडीची भांडी आणि निकालाचा दिवस

कोकणातील अनेक वाड्यांमध्ये सामाईक भांड्यांचा एक संच असतो. मोठे टोप, पराती, कढया, झारे वर्गणीतून घेतलेले असतात. लग्न असो वा बाप्तिस्मा, ज्याच्या घरी कार्य असेल त्याने वहीत सही करून भांडी न्यावीत आणि घासूनपुसून, मोजून परत करावीत. एका दिवसाच्या जेवणावळीसाठी कोणी बाजारातून नवा टोप विकत आणत नाही.

रत्नागिरीत एका शैक्षणिक कामाच्या संगणकयंत्रणेची देखभाल मी गेली काही वर्षे करीत आहे. नव्या सहकाऱ्याला 'कनेक्शन पूल' म्हणजे काय हे समजावून देताना मला याच भांड्यांचा दाखला सोयीचा वाटतो.

आपण मोबाईलवर एखादा अर्ज भरतो तेव्हा तो प्रथम अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरकडे जातो. नावे, गुण, शुल्क यांच्या नोंदी मात्र डेटाबेसमध्ये असतात, आणि त्याला काही विचारायचे तर जोडणी, म्हणजे कनेक्शन लागते. ते नव्याने उघडताना ओळख पटवावी लागते, स्मृतीत जागा राखावी लागते; पोस्टग्रेससारखा डेटाबेस तर प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रक्रिया सुरू करतो. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात मिळणाऱ्या उत्तरासाठी दर वेळी एवढा खटाटोप परवडत नाही. म्हणून काही कनेक्शने उघडीच ठेवून ती उसनी द्यायची आणि परत घ्यायची. हाच तो पूल.

त्याचे नियमही वाडीच्या वहीतल्यासारखेच असतात. एका वेळी जास्तीत जास्त किती द्यायची, मागणाऱ्याने किती वेळ थांबायचे, आणि किती काळानंतर जुने मोडून नवे घ्यायचे. हिकारी नावाच्या प्रचलित पूलमध्ये आपण काही न बदलल्यास हे आकडे अनुक्रमे १० कनेक्शने, ३० सेकंद आणि ३० मिनिटे असे असतात.

हे आकडे वरवर रुक्ष वाटतात. परंतु त्यांच्या पलीकडे माणसे असतात. १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल लागला. ज्या कोकण विभागीय मंडळाचे कार्यालय आपल्या रत्नागिरीत आहे, त्या विभागाचा निकाल त्या वर्षी १०० टक्के होता. राज्यातील पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांसाठी दुपारी एकची वेळ जाहीर झाली होती, आणि त्यानंतर कित्येक तास निकालाची संकेतस्थळे उघडत नव्हती. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला अशा वेळी यंत्रणेवरचा ताण दिसत नाही. त्याला वाटते, आपलेच काहीतरी चुकले असावे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. त्यामुळे आता दूरच्या वाडीतल्या मुलाचीही वाट याच दारातून जाते.

गर्दी झाली की पहिला सल्ला ठरलेला असतो : कनेक्शने वाढवा. पण थोडा हिशेब करून पाहावा. एका प्रश्नाला २० मिलिसेकंद लागत असतील, तर १० कनेक्शने सेकंदाला ५०० प्रश्न हातावेगळे करतात. तोच प्रश्न २ सेकंद रेंगाळला, तर तीच १० कनेक्शने फक्त ५ जणांना पुरतात. येथे दोष संख्येचा नसून रेंगाळण्याचा असतो. शिवाय पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनांची आहे. चार सर्व्हरांनी प्रत्येकी ३० मागितली की बेरीज १२० होते, आणि उशिरा आलेल्याला दारातूनच परतावे लागते.

एका वर्षी प्रवेशाच्या दिवसांत आमची यंत्रणा रोज दुपारपर्यंत ठप्प होई. पुन्हा सुरू केली की दुसऱ्या दिवसापर्यंत चाले. कनेक्शने दुप्पट केली, तेव्हा ती दुपारऐवजी संध्याकाळी बंद पडू लागली. राजापूरकडचे एक गृहस्थ मजुरी बुडवून, एसटीने, मुलीच्या अर्जासाठी दोनदा येऊन रिकाम्या हाताने परत गेले होते. अखेर कोणते कनेक्शन कोणी नेले आणि किती वेळ ठेवले, याची नोंद सुरू केली. तेव्हा कारण सापडले. चुकीच्या आकाराचे छायाचित्र जोडले गेले की कार्यक्रमाचा एक भाग अर्ज नाकारी. पण घेतलेले कनेक्शन परत न करताच बाहेर पडे. अशी दहा छायाचित्रे आली की दहा कनेक्शने अडकलेली! काम यशस्वी होवो वा न होवो, घेतलेले परत करावे, एवढे सांगणाऱ्या चार ओळी लिहिल्यावर तो त्रास थांबला.

त्याच वेळी थांबण्याची मुदतही आम्ही ३० सेकंदांवरून ५ वर आणली. अर्धा मिनिट कोरा पडदा पाहत बसलेला माणूस पुन्हा पुन्हा कळ दाबतो आणि गर्दी आणखी वाढते. त्यापेक्षा 'आता गर्दी आहे, थोड्या वेळाने यावे' असे लवकर आणि स्पष्ट सांगितलेले बरे. नकारातही सौजन्य असू शकते.

आता दर वर्षी निकालापूर्वी आम्ही तीनच गोष्टी तपासतो : कोण किती वेळ कनेक्शन धरून ठेवतो, कोणाला किती वेळ तिष्ठावे लागते, आणि घेतलेले सर्व परत येते का. राजापूरच्या त्या मुलीचा अर्ज तिसऱ्या खेपेला दोन मिनिटांत भरला गेला. ते गृहस्थ परतीच्या एसटीची वेळ विचारून लगेच निघाले.