आधी रेघ, मग देवी

प्रिय सई,

डिप्लोमाला महिषासुरमर्दिनी काढतेयस, छान. पण ‘पुराणातला विषय घेतला की अर्थ आपोआप येतो’ असं फोनवर म्हणालीस, ते काही पटलं नाही. म्हणून तय्यब मेहतांबद्दल लिहितेय. तेही तुझ्याच जे. जे.चे, १९५२चे.

त्यांच्या चित्रांत देव आले ते फार उशिरा. फाळणीच्या दंगलीत महंमद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठेचून मारलं, ते त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. पाय बांधून आडवा पाडलेला बैल तर त्यांनी वर्षानुवर्षं काढला. १९७०च्या ‘कूडल’ या लघुपटासाठी ते वांद्र्याच्या कत्तलखान्यात कॅमेरा घेऊन गेले. १९६९च्या सुमारास, चित्र जमेना म्हणून वैतागून, कॅनव्हासभर एक तिरकी पट्टी ओढली. त्या पट्टीने माणसाचा देह चिरला आणि त्यांना वाट सापडली. न जमलेली चित्रं ते सरळ नष्ट करत, हेही लक्षात ठेव.

काली आणि महिषासुर आले ते १९८४-८५मध्ये शांतिनिकेतनला राहून आल्यावर.

त्यांचा ‘महिषासुर’ नीट बघ. रंग सपाट, छटा नाही, सावली नाही, ब्रशचा फटकारा दिसत नाही. रंग एकमेकांना भिडून उभे, कुणी मागे हटत नाही. सगळी हिंसा त्या बारीक रेघेत आहे. देवीचा हात कुठे संपतो आणि रेड्याची मान कुठे सुरू होते, ते कळत नाही. ती मारतेय की मिठी मारतेय? मला तिथे आपला शेंदूर फासलेला म्हसोबा आठवतो. तुळजापूरची भवानी महिषाला मारते आणि गावाच्या वेशीवर आपण त्यालाच नारळ फोडतो. दामोदर कोसंबींनी या नात्यावर लिहिलंय, मिळवून वाच.

२००२मध्ये त्यांचं ‘सेलिब्रेशन’ लिलावात दीड कोटीला गेलं. वर्तमानपत्रांनी तेवढंच लक्षात ठेवलं!

तुझ्या स्केचमध्ये सिंह, त्रिशूळ, मुकुट, सगळं जागच्या जागी आहे. झटापट मात्र नाही. सुट्टीत येशील तेव्हा त्यातलं काहीही न काढता नुसते दोन देह कोळशाने काढून आण. न जमलेले कागदही आण, मला तेच आधी बघायचेत.

तुझी,
मावशी