कुठं सोडलंस?

परीक्षा संपल्या की ओळखीच्या घरांतून विचारणा सुरू होते : मुलांना सुट्टीत काय वाचायला द्यावं, एक यादी करून दे ना. यादी करणं माझ्या फार आवडीचं काम आहे. पण ती मी आता पाठवत नाही. आधी मुलाशी बोलू द्या, म्हणते. काय आवडतं असं विचारलं, तर मुलं मोठ्यांना रुचेल तेच उत्तर देतात. म्हणून मी विचारते, शेवटचं पुस्तक कुठं सोडलंस?

हा प्रश्न मूळचा आमच्या गावच्या वाचनालयात बालविभाग सांभाळणाऱ्या बाईंचा. पुस्तक परत करायला गेलं की रजिस्टरात खूण करण्याआधी त्या ते हातात घेऊन चाळायच्या. जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग, पाठीवर चिकटवलेला दाखल क्रमांक, उघडलं की येणारा खळीचा वास. मधल्या एखाद्या पानाशी त्यांचं बोट थांबायचं. "इथवर वाचलंस ना? मग का सोडलंस?" आवाजात राग नसायचा, खरीखुरी चौकशी असायची. वर्णन लांबलं, भीती वाटली, माणसं फार झाली नि कोण कुणाचं तेच कळेना... प्रत्येक उत्तरासाठी त्यांच्याकडे वेगळं कपाट होतं. पुस्तक पूर्ण वाचलं नाही याची लाज त्या वाचनालयात कधी कुणाला वाटली नाही. आमच्यातल्या कित्येकांचं वाचन टिकलं ते त्यामुळेच, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

वर्णनाला कंटाळलेल्यांसाठी भा. रा. भागवत होते. त्यांच्या गोष्टींतला फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याला विद्याभवनात शिकायला येतो आणि तिथून पुढं तो कुठं थांबतच नाही. वाचणाऱ्याचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, हे भागवतांना नेमकं ठाऊक होतं. एखाद्या जागेची माहिती द्यायची असेल तर फेणे तिथून सायकल हाणत जातो, आणि जाता जाता आपल्याला रस्ता कळतो. ज्यूल व्हर्नही आमच्या हाती आधी आला तो भागवतांच्या मराठीतून. 'चंद्रावर स्वारी' वाचताना हे मूळचं फ्रेंच लेखकाचं आहे, असं मनातसुद्धा आलं नव्हतं. आजच्या मुलांनाही फेणे चालतो. २०१७ च्या सिनेमानं नाव तरी त्यांच्या कानावर घातलं. एकदा भाग हातात पडला की पुढचं काम फेणेच करतो.

'श्यामची आई' अर्ध्यात सोडलेली मुलं मला सर्वांत जास्त भेटतात. त्यांचे आईवडील ते खालच्या आवाजात सांगतात, संस्कारांतच काही कमी पडल्यासारखं. मुलं मात्र स्पष्ट बोलतात : सारखं रडू येतं, आणि सारखं शिकवतात. दोन्ही खरं आहे. पण ते पुस्तक आपण ज्या रीतीनं मुलांच्या हाती देतो, त्या रीतीचा विचार व्हायला हवा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ते लिहून काढलं. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, एकूण ४२. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो आणि मंडळी पांगतात. म्हणजे ते ऐकायचं पुस्तक आहे, तेही चार माणसांत बसून. तेवढ्या रात्रींचं दुःख एकट्या पोरानं दोन दुपारींत कसं पचवावं? घरातल्या कुणीतरी निजायच्या आधी एक रात्र मोठ्यानं वाचावी आणि पुस्तक मिटून ठेवावं. सुरुवात पहिल्या रात्रीपासूनच करायला हवी असंही नाही. पोहायला जायचं नाही म्हणून दडून बसलेला श्याम आणि त्याला शोधून, मारून बाहेर काढणारी आई, ही आठवण आधी वाचावी. पाण्याची भीती प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्या आईचा राग मुलाला आधी दिसला, की तिची माया पुढं त्याला आपली आपण सापडते.

एका मुलानं 'वनवास' दुसऱ्याच पानावर ठेवून दिलं होतं. म्हणाला, यातली भाषा कशीतरीच आहे. हे प्रकाश नारायण संतांचं पुस्तक. त्यांचा लंपन सीमाभागात आजी-आजोबांकडे राहणारा, कानडी वळणाचं मराठी बोलणारा. मुंबईच्या मुलाच्या डोळ्यांना ते अडखळवतं, कानाला नाही. माझ्या एका मैत्रिणीचं माहेर बेळगावचं. तिनं पहिली काही पानं आपल्या माहेरच्या हेलात वाचून फोनवर पाठवली. मुलानं ती ऐकली, हसला, पुन्हा ऐकली आणि पुस्तक घेऊन गेला.

लहानपणी जिवाभावाचं झालेलं पुस्तक दुसऱ्याच्या हाती देताना आपण पुस्तकापेक्षा जास्त काही देऊ पाहतो. आपली दुपार, आपलं वय, आपल्याला आलेला हुंदका. आणि मग तो वाचणारा त्याच पानावर गलबलतो का, यावर डोळा ठेवून बसतो. मुलांना हे लगेच कळतं, आणि तेवढ्या ओझ्यानंही पुस्तक हातातून सुटतं. "आवडलं ना?" या प्रश्नात आपलीच काळजी जास्त असते.

सध्या आमच्या शेजारची सहावीतली मुलगी 'पाडस' वाचते आहे. राम पटवर्धनांनी मार्जोरी रॉलिंग्जच्या १९३८ च्या कादंबरीचं केलेलं हे मराठी रूप. माझ्या मते मूळ मराठीतल्या उत्तम पुस्तकांच्या शेजारी ठेवावं असं. गोष्टीतल्या ज्योडीनं झऱ्यात मांडलेल्या पानांच्या चक्रापाशी ती आधी रेंगाळली होती, तेव्हा म्हटलं, अस्वलापर्यंत तरी जा. गेली. बापाला साप चावतो तिथं तर जेवायला हाक मारली तरी उठली नाही. आता पाडस मोठं झालंय, शेतातले कोंब खाऊ लागलंय, आणि तिनं पुस्तक मिटून आणून दिलं. "पुढं काय होणार ते मला कळलंय," म्हणाली. हे सोडणं कंटाळ्याचं नाही. म्हणून पुढं वाच, असं मी म्हटलं नाही, आणि पुस्तक परतही घेतलं नाही. तुझ्याच कपाटात राहू दे म्हटलं. आठवीत जाईपर्यंत राहिलं तरी चालेल. तोवर तिला दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे दिलाय. काल जिन्यात भेटली तेव्हा दुसरा भाग मागत होती.