वाळवंटात फुले बघायला

सॅन डिएगोहून निघालो तेव्हा अम्मी गप्पच होती. अब्बांच्या इंतकालानंतर आम्ही दोघी मायलेकी प्रथमच धाकट्या भावाकडे आलो होतो. वेळेवर विमान न मिळाल्याने त्याला अब्बांच्या जनाज्याला पोहोचता आले नव्हते. अम्मी त्याला कधी रागावली नाही, पण मोजकेच बोलायची.

मार्च २०१९. "अम्मी, वाळवंटात फुले आलीत, बघायला जाऊ," तो म्हणाला.

"वाळवंटात कसली फुले?"

ज्युलियन हे सफरचंदांच्या बागांचे डोंगरी गाव मागे टाकले की रस्ता वळणे घेत खाली उतरतो आणि झाडे संपतात. अन्झा-बोरेगो हे कॅलिफोर्नियातील सर्वांत मोठे राज्य उद्यान, सहा लाख एकरांहून अधिक. अन्झा हा अठराव्या शतकातला स्पॅनिश मोहीमकार. बोरेगो म्हणजे इथल्या डोंगरातली रानमेंढी. ती काही आम्हाला दिसली नाही.

पण हेंडरसन कॅन्यन रस्त्यावर गाडी थांबली आणि तोंडून सुब्हानल्लाह निघाले. डोंगराच्या पायथ्यापर्यंत पिवळी रानसूर्यफुले, वाळूला चिकटून पसरलेली जांभळी व्हर्बिना, मधूनच पांढरी प्रिमरोझ. ऑकोटिलोच्या काटेरी काठ्यांची टोके तर मेंदी लावलेल्या बोटांसारखी लाल! बोटाएवढ्या जाड अळ्या फुलांवर ताव मारत होत्या. त्या खायला दक्षिण अमेरिकेतून उत्तरेकडे निघालेले ससाणे इथे उतरतात म्हणे. काही हौशी लोक फोटोसाठी फुलांत चक्क लोळत होते. शिक्षकाची जीभ, शिवशिवली. भावाने डोळ्यांनीच दटावले.

त्यानेच अम्मीला समजावून सांगितले. यांतल्या कित्येक बियांच्या सालीत उगवण रोखणारे द्रव्य असते. शिंतोड्यांनी ते जात नाही, चांगला पाऊसच ते धुऊन काढतो. तोवर बी वाळूत वर्षानुवर्षे पडून राहते. पाऊस आला तरी सगळे बी एकदम उगवत नाही. काही पुढच्या पावसासाठी मागे राहते.

"इतकी वर्षे मातीत? आणि मरत नाही?"

"नाही, अम्मी."

पावसाने मेलेली जमीन जिवंत होते, तसेच माणसांनाही उठवले जाईल, हे कुरआनात आम्ही कितीदा वाचले असेल. त्या दिवशी ते समोर पसरलेले होते.

गाडीत पाणी होते, त्यामुळे तयम्मुमची गरज पडली नाही. एकही रोप नसलेली जागा शोधून जानमाज अंथरली आणि जोहरची कसर अदा केली. अम्मीची दुआ लांबली. मग जानमाजची घडी करत तिने पहिल्यांदाच विचारले, "अब्बांना माती दिली, तेव्हा तू कुठे होतास बेटा?"

"विमानतळावर. हातात फोन घेऊन बसलो होतो."

पुढे त्याला बोलता येईना. अम्मीने त्याचे डोके जवळ ओढले. आम्ही फुलांकडे बघत उभ्या राहिलो.

परतताना ज्युलियनला सफरचंदाचा पाय घेतला. अम्मीने आपला अर्धा तुकडा त्याच्या ताटलीत सरकवला आणि म्हणाली, "वाळलास किती! खा."