फ्रान्सच्या कालव्यांतून : एका जलप्रवासाची आंखणी

प्रवास करून आल्यावर त्याचें वर्णन लिहिण्याचा परिपाठ आहे. आमचा प्रवास अजून व्हावयाचा आहे. परंतु त्याची आंखणी करतांना गेले सहा महिने आमच्या घरीं जी भवति न भवति झाली, तिच्यांतून आम्हांस जें शिकावयास मिळालें, तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगण्याजोगें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमचे वडील बंधु, ज्यांस घरांत सर्वजण दादा म्हणतात, यांनीं सारी उमर मालवाहू जहाजांच्या इंजिनघरांत काढली. सुएझचा कालवा किती वेळां ओलांडला याची गणती त्यांची त्यांनाच नाहीं. एकदां ऱ्होन नदीच्या मुखाजवळील बंदरांत त्यांचें जहाज उभें असतां, एक लांबट, सपाट पडाव समुद्राकडे पाठ फिरवून संथपणें नदींत शिरला व देशाच्या पोटांत दिसेनासा झाला, हें त्यांनीं पाहिलें. तेव्हांपासून त्यांच्या मनानें घेतलें कीं, नोकरी संपली म्हणजे फ्रान्स देश उत्तरेच्या समुद्रापासून दक्षिणेच्या भूमध्य समुद्रापर्यंत आंतल्या आंत पाण्यानें ओलांडावयाचा. नोकरी संपली, पण तोंपर्यंत त्यांच्या उजव्या गुडघ्यानें असहकार पुकारला होता. तरी मनोरथ जागा होता. दादा, वहिनी, आमची याच शाळेंत नववींत शिकणारी कन्या व आम्ही, अशा चौघांनीं उन्हाळ्याच्या सुटींत निघावें असें ठरलें, आणि जेवणाच्या मेजावर नकाशा पसरला गेला.

फ्रान्समधील नाव चालण्याजोग्या नद्या व कालवे यांची एकूण लांबी सुमारें ८५०० किलोमीटर भरते. दादांनीं आंखलेली वाट अशी होती : ल हाव्र बंदरापासून सेन नदीनें पॅरिस, पुढें योन नदीनें बर्गंडीच्या कालव्याच्या तोंडाशीं, त्या कालव्यानें डोंगर ओलांडून सोन नदींत, आणि पुढें ऱ्होन नदीनें समुद्रापर्यंत. नकाशावर बोट फिरविण्यास अर्धें मिनिट पुरलें. परंतु या वाटेचा कस किलोमीटरांत नसून लॉकांत आहे, हें हिशेबास बसल्यावर दिसूं लागलें.

लॉक म्हणजे काय, हें आमच्या बालवाचकांसाठीं सांगितलें पाहिजे. चढउताराच्या जमिनीवर कालव्याचें पाणी ठरत नाहीं. म्हणून कालवा जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा करावा लागतो. प्रत्येक पायरीवर दोन दारांमधील एक हौद असतो, तोच लॉक. नाव चढवावयाची असेल तर ती खालच्या दारानें आंत घेऊन दार लावितात व वरच्या बाजूनें पाणी सोडितात. हौद भरत जातो तसतशी नाव उचलली जाते, आणि पाणी समपातळीस आलें कीं वरचें दार उघडून ती पुढें निघते. उतरतांना याच्या उलट. या सर्व वेळांत नाव भिंतीवर आदळूं नये म्हणून कोणीतरी धक्क्यावर चढून, खुंटास दोर घालून, तो पाण्याबरोबर आंवळीत किंवा सैल करीत राहावें लागतें. सुएझच्या कालव्यावर असा एकहि लॉक नाहीं. तो समुद्राच्या पातळीनेंच गेलेला आहे.

इ. स. १८३२ मध्यें खुला झालेला बर्गंडीचा कालवा २४२ किलोमीटर लांब असून त्यावर १८९ लॉक आहेत, शिवाय माथ्यावर पुयी येथें ३ किलोमीटरांहून लांब असा बोगदा आहे. आमच्या कन्येनें पाटीवर गणित मांडिलें. ताशीं आठ किलोमीटर धरले तर २४२ किलोमीटरांस सुमारें ३० तास. आणि दर लॉकास पाव तास धरला तर १८९ लॉकांस ४७ तास. "म्हणजे चालण्यापेक्षां थांबण्यालाच जास्त वेळ!" ती उद्गारली. त्यापुढें ऱ्होन नदीवर मिस्त्राल नांवाचा उत्तरेचा झोंबरा वारा, आणि बोलेन येथील सुमारें २३ मीटर उंचीचा एकच प्रचंड लॉक, हीं निराळींच.

आम्हीं म्हटलें, "दादा, ही एकशें एकुणनव्वद वेळां दोर घेऊन धक्क्यावर चढण्याची गोष्ट आहे."

"तूं चढ. मी सुकाणू धरीन," दादा म्हणाले.

परंतु डॉक्टरांनीं इतके आठवडे हलत्या नावेंत उभें राहण्यासहि स्पष्ट मनाई केली. त्या रात्रीं दादांनीं नकाशाची घडी केली व शांतपणें म्हणाले, "तुम्ही तिघें जाऊन या. मी इथूनच पाहीन." यावर कोणासच कांहीं बोलवेना. शेवटीं वहिनी म्हणाल्या, "आपण नसाल तर त्या नावेंत आम्ही बसायचें कशाला?"

आठ दिवस नकाशा तसाच पडून राहिला. मग एके दिवशीं आमची कन्या वाचनालयांतून एक माहिती घेऊन आली. पूर्वीं फ्रान्समध्यें प्रत्येक कालव्याचे लॉक वेगवेगळ्या मापांचे असत. म्हणून एका कालव्याचा पडाव दुसऱ्यांत शिरत नसे. इ. स. १८७९ मध्यें फ्रेसिने या मंत्र्यानें कायदा करवून मुख्य जलमार्गांवरील लॉकांचें माप सुमारें ३९ मीटर लांब व ५.२ मीटर रुंद असें ठरविलें, आणि त्या मापांत बसणारे पडाव बांधले जाऊं लागले. दादांमधील इंजिनियर जागा झाला. ते तिला समजावूं लागले, "हें बघ, वाटेवर शंभर लॉक मोठे असले आणि एकच लहान असला, तर ती वाट लहानच समजावयाची. नावेचें माप मोठ्यावरून ठरत नाहीं, सर्वांत लहानावरून ठरतें." एवढें बोलून ते थबकले आणि हंसून म्हणाले, "म्हणजे आपल्या या वाटेवरला लहान लॉक मीच कीं!"

"असाल," वहिनी म्हणाल्या, "पण त्या मापानें नाव निवडतात. लॉक गाळून कोणी पुढें जात नाहीं."

त्या दिवशीं नकाशा पुन्हां उलगडला, तो निराळ्या दृष्टीनें. कोठपर्यंत जावयाचें, हा प्रश्न मागें पडला. चौघांस मिळून कोठें जातां येईल, हा पुढें आला. आणि शोध दक्षिणेकडील मिदी कालव्यापाशीं येऊन थांबला.

हा कालवा तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राकांठच्या थो नांवाच्या खाऱ्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटर गेला आहे. तो बांधणारा पिएर-पॉल रिके हा मीठकराचा मक्तेदार होता, आणि इ. स. १६६६ मध्यें चौदाव्या लुईची आज्ञा झाली तेव्हां तो साठीच्या घरांत होता. कालव्याच्या माथ्यावर पाणी आणावें कोठून, ही मोठी अडचण होती. कारण नाव लॉकांतून जातांना दर खेपेस हौदभर पाणी खालीं उतरतें आणि माथा रिता होत जातो. रिकेनें काळ्या डोंगरांतील ओढे पाटांनीं एकत्र करून, सें-फेरेओल येथें मोठें धरण बांधून, तें पाणी नोरूझच्या खिंडींत आणिलें. तेथून तें दोन्ही अंगांस वाहतें. एके काळीं सुमारें १२००० स्त्रीपुरुष या कामावर राबत होते. रिके इ. स. १६८० च्या ऑक्टोबरांत वारला. कालवा खुला झाला तो १६८१ च्या मे महिन्यांत. इ. स. १९९६ मध्यें युनेस्कोनें त्यास जागतिक वारशाचा मान दिला.

या कालव्यावर आर्झांसच्या लॉकापासून बेझिए शहराजवळील फोन्सेरानच्या लॉकांपर्यंत ५४ किलोमीटर एकहि लॉक नाहीं. डोंगराच्या कुशीकुशीनें वळसे घेत पाणी एकाच पातळीवर राखिलेलें आहे. याच पट्ट्यांत रेप्युद्र ओढ्यावरून कालवा नेणारा जुना दगडी पूल आहे, मालपास येथें टेकडींतून खणलेला बोगदा आहे, आणि कापेस्तां गांवीं एक इतकी ठेंगणी कमान आहे कीं पुष्कळ मोठ्या नावांस तिच्याखालून जातांच येत नाहीं. त्या कमानीचें माप पाहूनच आम्हीं भाड्याची लहान नाव पसंत केली. अशा नावेस आधीं परवाना लागत नाहीं. नाव देणारेच ती चालविण्याचे प्राथमिक धडे देतात.

दादांनीं मात्र एक अट घातली : "लॉक नाहीं तर कालवा पाहिला कसा म्हणूं?" म्हणून आरंभ आर्झांसच्या अलीकडे ओम्प्स गांवीं करावयाचा ठरला. तेथून पुढें ओन्यों, पेशलोरिए व आर्झांस येथें लॉक लागतात. जातायेतां दोर आम्ही व आमची कन्या धरूं, हुकूम दादांचा. एकूण जाणेंयेणें सुमारें १२० किलोमीटर; ताशीं सहा किलोमीटर धरले तर वीस तास; सहा दिवसांत वांटले म्हणजे दिवसाकांठीं साडेतीन तासांहून कमी. गुडघ्यास एवढें झेपेल असें डॉक्टरहि म्हणाले. फोन्सेरान येथें नाव वरच बांधून, एकाखालीं एक उतरत गेलेल्या लॉकांचा सुमारें २१ मीटर उंचीचा जिना कांठावरून पाहावयाचा.

सामानाच्या यादींत दादांनीं लोखंडी मेखा व हातोडा यांची खातरजमा करून घेण्याचें टिपलें आहे. या कालव्याच्या दुतर्फा सुमारें ४२००० प्लेन वृक्षांची सांवली होती. इ. स. २००६ मध्यें तेथें एका बुरशीचा रोग आढळला; त्यापायीं हजारों झाडें तोडावीं लागलीं व त्यांच्या जागीं निराळीं रोपें लाविली जात आहेत. नावेचा किंवा दोराचा घांसा लागून मुळांस व खोडास जखम झाली कीं रोग पसरण्यास वाट मिळते. म्हणून झाडास दोर बांधण्यास तेथें मनाई आहे. कांठावर मेख ठोकूनच नाव बांधावयाची. त्या जुन्या झाडांनींहि आपल्यासारख्या वाटसरूंकडून एवढी काळजी मागावी, हें आम्हांस योग्यच वाटतें.

मे महिन्यासाठीं नाव ठरली आहे. पहिल्या बेतांत दोन समुद्र होते. आतांच्या बेतांत एकाच पातळीवरचें संथ पाणी आहे. दादांस याचें दुःख होतें काय, असें आमच्या कन्येनें त्यांस एकदां विचारिलें. ते तिला दोराची गांठ शिकवीत होते. गांठ पुरी करून ते म्हणाले, "त्या पडावाला पाहिलें तेव्हां मी जहाजावर एकटाच होतों, पोरी. आतां आपण चौघें आहों."

आमच्या तरुण वाचकांस एवढेंच सांगणें आहे : सोबत्यांसह कोठेंहि निघावयाचें असो, सहलीस किंवा संसारास, आधीं आपल्यांतील सर्वांत लहान लॉक कोणता तें प्रेमानें पाहावें, आणि मग नाव निवडावी.