सुट्टीचे गाव निवडताना

अमेरिकेत पती कृष्णवर्णीय आणि पत्नी गौरवर्णीय असलेले कुटुंब सुट्टीचे गाव ठरवताना भाड्याआधी तिथल्या लोकांच्या नजरांचा अदमास घेते, आणि या सावधपणामागे इतिहास आहे. हार्लेममधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून काढलेली ‘ग्रीन बुक’, म्हणजे कृष्णवर्णीय प्रवाशांना थारा देणाऱ्या जागांची यादी, अशाच गरजेतून निघाली. मिश्रविवाहबंदीचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये घटनाबाह्य ठरवले खरे. पण कायद्याने नजर थोडीच बदलते, आणि खोलीची किल्ली घ्यायला शेजारी उभ्या असलेल्या नवराबायकोला ‘तुम्ही दोघे एकत्र का?’ असे अजूनही विचारले जाऊ शकते. म्हणूनच मार्थाज व्हिनयार्ड बेटावरील ओक ब्लफ्स, जिथे कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यानपिढ्या उन्हाळा घालवत आली, किंवा ‘हापा’, म्हणजे मिश्र वंशाचा, हा शब्द रोजच्या बोलण्यात असलेले हवाई अशा कुटुंबांना जवळचे वाटते.