माठाचं पाणी

मासे गेल्यावर दोन फुटी काचेची टाकी गॅलरीत धूळ खात पडली होती. मावशी मुंबईहून येताना डब्यातून आफ्रिकन व्हायोलेटचं एक पान घेऊन आली.

"नुसत्या पानाचं काय करू गं?"

"देठ खोच आणि विसरून जा."

विसरणं मला जमण्यातलं नव्हतं. देठ कोकोपीट-परलाइटमध्ये खोचला, कुंडी टाकीत ठेवली, वर काच सरकवली. रोज सकाळी काचेवर घाम. तीन आठवड्यांनी पान हळूच ओढून पाहिलं, हललं नाही. मुळं धरली होती. पुढे महिनाभर काहीच नाही आणि मग बुडाशी उंदराच्या कानाएवढी चार-पाच पिल्लं!

एप्रिलमध्ये कौतुकाने माठातलं गार पाणी वरून शिंपडलं. दोन दिवसांत लव असलेल्या त्या पानांवर फिकट वेटोळी उठली. पाणी पानापेक्षा गार असलं की हे होतं. ते डाग जात नाहीत. तेव्हापासून पाणी साधं आणि तेही खालच्या बशीत. अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं.

एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण तुळशीचा हिशेब या झाडाला लावून टाकी पश्चिमेच्या खिडकीत नेली. बाजारातून येईतो आत पालकाची भाजी. बंद काच, त्यात दुपारचं ऊन! नाव व्हायोलेट असलं तरी खऱ्या व्हायोलेटशी याचं काही नातं नाही. हे टांझानियातल्या उसंबारा डोंगरांतलं, जंगलाच्या सावलीत कपारी धरून राहणारं. 1892च्या सुमारास सेंट पॉल नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने ते वडिलांकडे जर्मनीला धाडलं, 1893मध्ये त्याच्याच नावावरून 'सेंटपॉलिया' झालं. आता शास्त्रज्ञ त्याला स्ट्रेप्टोकार्पसमध्ये धरतात. नाव बदललं, नखरे तेच.

आईपानाच्या आडोशाला असलेलं एकच पिल्लू वाचलं. टाकी पूर्वेच्या खिडकीत आली, झाकण बोटभर उघडं राहू लागलं. बंद ठेवलं की पावसाळ्यात बुरशी धरते. दिवाळीच्या आधी पानांच्या बेचक्यातून केसाळ दांडे निघाले. त्यावर जांभळी फुलं, मध्ये दोन पिवळे ठिपके.

परवा मावशीचा फोन आला. "विसरलीस ना?"

"हो," म्हटलं. टाकीत आता सात कुंड्या आहेत. मुलगा पुन्हा मासे मागतोय.